डोंगर जवळ येतात तेव्हा

दक्षिणेचा वारा सुटला की
इन्सब्रुकमध्ये डोंगर जवळ येतात.
कड्यावरचा एकेक दगड मोजून घ्यावा इतके.
पर्यटक फोन काढतात.
मी पर्समध्ये गोळ्यांची डबी चाचपते.

आधी उजव्या डोळ्यात एक फट पडते.
फटीच्या कडेला करवतीचे दाते, चमचमणारे,
सरकत सरकत कानशिलाकडे जातात.
समोरच्या माणसाचं अर्धं तोंड नाहीसं होतं,
उरलेलं अर्धं माझ्याशी बोलत राहतं.
वीस मिनिटं.
मग घण.

मी पियानो सुरात लावते. एकवीस वर्षं झाली.
दोन तारा जुळत आल्या की त्यांच्यामध्ये
एक लाट उठते,
ती मंदावत मंदावत थांबली की समजायचं, लागला.
कपाळातली लाट मंदावत नाही.
तिला खुंटी कुठे असते
ते शोधण्यात माझी तिशी गेली.

शेजारच्या वाल्ट्राउडने मानेवर तिखट मुळा किसून बांधला.
कातडी भाजली, डोकं होतं तिथेच.
एकाने निरपराध दाढ काढली.
चीज सोडलं, वाइन सोडली, चॉकलेट सोडलं,
योझेफला सोडलं
(त्याचा काही संबंध नव्हता,
पण यादी हातात होतीच).

पहिल्या औषधाने बोटं गार पडली,
जिना चढताना नाडी एक मजला मागे.
दुसऱ्याने शब्द नेले.
नादकाटा म्हणायचं असायचं,
मी म्हणायचे, ते... दोन पायांचं, वाजणारं.
गिऱ्हाइकं हसली. मीही हसले.
घरी येऊन भांड्यांची नावं मोठ्यांदा घोकली.

डॉक्टर प्राक्समाररनी माझी वही उघडली
आणि दुखण्याचे दिवस सोडून गोळ्या मोजल्या.
"महिन्यात बावीस, नोटबुर्गा.
आता गोळीच दुखते आहे तुला."
बंद करायला सांगितल्या. सगळ्या.
त्या अकरा दिवसांबद्दल एवढंच,
की फ्रिजची घरघर सोसेना
म्हणून मी त्याची वायर उपटली
आणि लोणी फरशीवर आलं.

आता महिन्यातून एकदा मांडीत सुई.
मीच टोचते, स्वयंपाकघरात, स्टुलावर पाय ठेवून.
चौदाचे पाच झाले. वारा असला तर सात.
शून्य काही झाले नाहीत.

योझेफने फोनवर विचारलं, म्हणजे बरी झालीस?

पियानो कधीच पूर्ण सुरात नसतो.
सगळे पंचम शुद्ध लावत गेलं
तर शेवटचा लांडग्यासारखा विव्हळतो.
म्हणून प्रत्येकातून केसाएवढं काढून घ्यायचं,
चूक बारा घरांत वाटून टाकायची.
कुणाला ऐकू येत नाही.
मला येते.
"हो," म्हटलं त्याला, "साधारण."

पूर्वी खोटं बोलायचे. गाडी बंद पडली, आत्या वारली.
तीन आत्या वारल्या माझ्या, होती एकच.
परवा श्वाझला, त्सांगर्ल मास्तरांकडे,
मधल्या सप्तकात हात असताना फट पडली.
म्हटलं, "अर्धशिशी. दोन तास लागतील."
मास्तरांनी पडदे ओढले, सोफा दाखवला,
सपाता काढून मोज्यांवर चालू लागले.
मी गोळी घेतली, वेळेवर, एकच.
मग ते भिंतीवरच्या घड्याळापाशी गेले,
काचेचं दार उघडलं
आणि लंबक दोन बोटांनी धरला.

उठले तेव्हा चारला वीस कमी होते.
बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले,
चारला वीस कमीच होते.
स्वयंपाकघरात मास्तर अंधारात सफरचंद सोलत होते,
साल न तुटता, आवाज न होता.
"किती वाजले?" मी विचारलं.
त्यांनी फोड पुढे केली.
"अजून वरचं सप्तक राहिलंय," म्हणाले.